कलकणूंतील लिपिडवहन : यीस्टवरील संशोधनाचा इतिहास

कोशिकेतील कलकणू (मायटोकाँड्रिया) या अंगकांना लागणारी लिपिडे, म्हणजे तेल-चरबीच्या जातीची द्रव्ये, बाहेरून त्यांच्यापर्यंत येणे, त्यांच्या बाह्य व आंतर या दोन पटलांमधून आत जाणे आणि आत तयार झालेल्या काही लिपिडांनी पुन्हा बाहेर पडणे, या हालचालींना मिळून कलकणूंतील लिपिडवहन म्हणतात. कलकणूंत अन्नघटकांचे ऑक्सिडीकरण होऊन एटीपी या संयुगाच्या रूपाने कोशिकेला ऊर्जा मिळते, म्हणून त्यांना कोशिकेची शक्तिगृहे म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु ज्या पटलांवर हे कार्य चालते त्या पटलांची बहुतेक लिपिडे कलकणू स्वतः तयार करीत नाहीत. ती शेजारच्या अंतर्द्रव्य जालिकेत (कोशिकाद्रव्यात पसरलेल्या, पटलांच्या नळ्या व पडदे यांच्या जाळ्यात) तयार होतात. कलकणूंत जी थोडी लिपिडे तयार होतात तीही जालिकेतून आलेल्या कच्च्या मालापासूनच बनतात.

यातून निर्माण होणारा प्रश्न साधा आहे. जालिका व कलकणू यांच्यामध्ये पाणीदार कोशिकाद्रव्य असते आणि लिपिडे पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. एका अंगकातील द्रव्ये दुसऱ्याकडे नेण्याची कोशिकेची नेहमीची पद्धत म्हणजे पटलाचा लहानसा बुडबुडा (पुटिका) सुटून दुसऱ्या पटलाला जाऊन मिळणे ही होय. पीटर नोव्हिक व रँडी शेकमन यांनी १९७९ पासून यीस्टमधील उत्परिवर्तनांच्या (आनुवंशिक बदलांच्या) साहाय्याने ही पद्धत उलगडली. २०१३ च्या नोबेल पारितोषिकात शेकमन यांना याच कार्याबद्दल वाटा मिळाला. तथापि कलकणू या पुटिकांच्या मार्गावर नाहीत. मग लिपिडे तेथवर पोहोचतात कशी? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळण्यास सु. अर्धशतक लागले आणि ते मुख्यतः यीस्ट या एककोशिक कवकाच्या अभ्यासातून मिळाले.

यीस्टचे महत्त्व : सॅकॅरोमायसीज सेरेव्हिसी हे यीस्ट माणसाच्या फार जुन्या परिचयाचे आहे. महाराष्ट्रातील चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत यीस्टांचे कार्य सहज पाहावयास मिळते. गडचांदूर, कोरपना, जिवती या भागांत व त्यांच्या पूर्वेकडील अरण्यांत मार्च-एप्रिलच्या सुमारास मोहाची फुले पहाटे गळतात. ती वेचून, वाळवून साठवितात. वाळलेल्या फुलाच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शर्करांचा असतो. फुले पाण्यात भिजत घातली, की यीस्टे व इतर सूक्ष्मजीव त्यांत वाढू लागतात, द्रव फसफसतो आणि शर्करांपासून अल्कोहॉल व कार्बन डाय-ऑक्साइड तयार होतात. याच झाडाच्या बियांपासून तेल काढतात. हे तेल त्या आंबलेल्या पाण्यात ओतल्यास ते वर तरंगत राहील. त्याच पाण्यात वाढणाऱ्या यीस्टच्या कोशिकेत मात्र तेलाच्या जातीच्या द्रव्यांची एका पटलाकडून दुसऱ्या पटलाकडे सतत ने-आण चालू असते.

यीस्ट हा सजीव आहे व किण्वन (आंबण्याची क्रिया) हे त्याच्या जगण्याचे फळ आहे, असे मत थेओडोर श्वान यांनी १८३७ मध्ये मांडले. लूई पाश्चर यांनी १८५७ नंतरच्या प्रयोगांनी ते दृढ केले. हवा मिळाली, की यीस्ट जोमाने वाढते पण वाढीच्या मानाने शर्करा कमी खर्च करते, हेही त्यांनी दाखविले. १८९७ मध्ये एडुआर्ट ब्यूखनर यांनी यीस्टच्या कोशिका चिरडून काढलेल्या रसानेही किण्वन होते, असे सिद्ध केले. या संशोधनातून एक गोष्ट स्पष्ट झाली : यीस्टला उपजीविकेचे दोन मार्ग आहेत. ऑक्सिजन वापरून श्वसन करणे हा एक व ऑक्सिजनाविना किण्वन करणे हा दुसरा.

लिपिडवहनाच्या अभ्यासास यीस्ट इतके उपयुक्त ठरले ते यामुळेच. प्राण्याच्या कोशिकेत कलकणूंचे कार्य बिघडले, तर कोशिका सहसा मरते व बिघाडाचा अभ्यास करण्यास काही उरत नाही. यीस्ट मात्र शर्करेवर किण्वन करून जगत राहते. अर्थात कलकणू मुळीच नसलेले यीस्ट जगू शकत नाही. कारण लोह व गंधक यांचे जे समूह अनेक आवश्यक प्रथिनांना लागतात, त्यांच्या निर्मितीची सुरुवात कलकणूंतच होते.

ऑक्सिजन व लिपिडे यांचा संबंधही यीस्टमध्येच ध्यानात आला. ए. ए. आंद्रेआसेन व टी. जे. बी. स्टायर यांनी १९५३ व १९५४ मध्ये दाखविले, की ऑक्सिजन पूर्णपणे वगळल्यास यीस्टला एर्गोस्टेरॉल व असंतृप्त वसाम्ले बाहेरून द्यावी लागतात, कारण ती तयार करण्यास ऑक्सिजन लागतो. झाकलेल्या भांड्यातील किण्वनात ऑक्सिजन संपल्यावर प्रत्येक विभाजनाबरोबर कोशिकेतील या द्रव्यांचा साठा वाटला जातो आणि काही पिढ्यांनंतर वाढ मंदावते. पटलांची लिपिडे ही कोशिकेच्या वाढीस मर्यादा घालणारी बाब ठरू शकते, हे यावरून दिसते.

कलकणू व सायटोक्रोमे : कोशिकांमधील कणांकडे रिचर्ड आल्टमान यांनी १८९० मध्ये लक्ष वेधले व कार्ल बेंडा यांनी १८९८ मध्ये ‘मायटोकाँड्रिया’ हे नाव दिले. ते सूत्र व कण या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून बनविलेले आहे. या कणांचे कार्य समजण्यास वर्णपटविज्ञानाची मदत झाली. केंब्रिज येथे डेव्हिड कायलिन यांनी १९२५ मध्ये यीस्टच्या गढूळ निलंबनातून प्रकाश जाऊ दिला असता वर्णपटात चार काळे पट्टे दिसले. निलंबन हवेत हलविले, की पट्टे नाहीसे होत व ते स्थिर ठेवले, की पुन्हा दिसत. ऑक्सिजनाशी होणाऱ्या विक्रियेत भाग घेणाऱ्या या रंगद्रव्यांना त्यांनी सायटोक्रोमे असे नाव दिले.

या विषयाशी एका मराठी शास्त्रज्ञ स्त्रीचा निकटचा संबंध आला. कमला भागवत (विवाहानंतर सोहोनी, १९११–९८) या केंब्रिज विद्यापीठात संशोधन करीत असताना त्यांनी बटाट्यासारख्या वनस्पतींच्या ऊतकांतील सायटोक्रोम ‘सी’ व त्याच्याशी संबंधित एंझाइमे यांचा अभ्यास केला. श्वसनाची ही साखळी प्राणी व यीस्ट यांच्याप्रमाणे वनस्पतींतही कार्य करते, या मताला त्यांच्या कामाने बळकटी आली. १९३९ मध्ये त्यांना पीएच्.डी. ही पदवी मिळाली. विज्ञानविषयात ही पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री मानल्या जातात. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यांवर संशोधन केले. नीरेचे यीस्टांच्या योगे किण्वन झाले, की तिची ताडी होते.

सायटोक्रोम ‘सी’ हे लहान प्रथिन कलकणूच्या आंतर पटलाच्या बाहेरील पृष्ठावर असते व तेथील कार्डिओलिपिन या लिपिडाशी बांधले जाते. सायटोक्रोम ऑक्सिडेज या पुढील एंझाइमालाही पूर्ण कार्यक्षमतेसाठी हेच लिपिड लागते. केंब्रिजच्या त्या काळातील संशोधनात लिपिडांचा विचार नव्हता. लिपिड म्हणजे प्रथिनांना आधार देणारे निष्क्रिय द्रव्य, ही समजूत पुढेही बराच काळ टिकून राहिली.

पटलांची लिपिडे : एव्हर्ट गॉर्टर व एफ्. ग्रेंडेल यांनी १९२५ मध्येच तांबड्या रक्तकोशिकांतील लिपिडे पाण्यावर पसरून मोजली. त्यांचे क्षेत्रफळ कोशिकांच्या पृष्ठभागाच्या सु. दुप्पट भरले. यावरून कोशिकेचे पटल लिपिड रेणूंच्या दोन थरांचे असते, असे अनुमान त्यांनी काढले. फॉस्फोलिपिडाच्या रेणूचे फॉस्फेटयुक्त टोक पाण्याकडे ओढले जाते, तर वसाम्लांच्या शेपट्या पाण्यापासून दूर राहतात. म्हणून दोन थरांतील शेपट्या एकमेकींकडे तोंड करून राहतात. एका थरातील रेणू त्याच थरात सहज सरकतो. पण एका थरातून दुसऱ्या थरात आपोआप उलटणे त्याला कठीण जाते, कारण त्याचे जलप्रेमी टोक मधल्या तेलकट भागातून न्यावे लागते. रॉजर कोर्नबर्ग व हार्डन मॅकॉनेल यांनी १९७१ मध्ये ही गोष्ट प्रयोगाने दाखविली. त्यामुळे लिपिडवहनाच्या प्रश्नाचे दोन भाग पडतात : दोन पटलांमधील पाणी ओलांडणे व एकाच पटलाचे दोन थर ओलांडणे.

कार्डिओलिपिन हे लिपिड मेरी पँगबॉर्न यांनी १९४२ मध्ये बैलाच्या हृदयापासून वेगळे केले. उपदंशाच्या रक्तपरीक्षेत हृदयाचा अर्क वापरीत. त्यातील कार्यकारी घटक शोधताना हे लिपिड हाती लागले, म्हणून त्याला हृदयवाचक ग्रीक शब्दावरून नाव मिळाले. गर्भवती स्त्रियांच्या तपासणीत व्हीडीआरएल या नावाने परिचित असलेल्या परीक्षेत याच लिपिडाचा उपयोग करतात. त्याच्या रेणूत दोन फॉस्फेट गट व वसाम्लांच्या चार शेपट्या असतात. कोशिकेत ते जवळजवळ पूर्णपणे कलकणूंत, विशेषतः आंतर पटलात आढळते. यीस्टमध्ये आंतर पटलाच्या फॉस्फोलिपिडांपैकी सु. १५ टक्के भाग त्याचा असतो.

लिपिडांच्या निर्मितीविषयीच्या ज्ञानात यूजीन केनेडी यांचे कार्य मूलभूत आहे. अल्बर्ट लेनिंजर यांच्यासह त्यांनी १९४८ च्या सुमारास वसाम्लांचे ऑक्सिडीकरण कलकणूंत होते, असे दाखविले. पुढे सॅम्युएल वाइस यांच्यासह फॉस्फोलिपिडांच्या निर्मितीचा अभ्यास करीत असता त्यांना एक विसंगती आढळली. अशुद्ध एटीपी वापरले, की लिपिड तयार होई. शुद्ध स्फटिकी एटीपी वापरले, की होत नसे. अशुद्ध नमुन्यात मिसळलेले सीटीपी हे संयुग या विक्रियेला आवश्यक आहे, असे त्यांना १९५६ मध्ये आढळून आले. कोशिकेचे घटक केंद्रोत्सारणाने वेगळे करून तपासल्यावर या निर्मितीची बहुतेक एंझाइमे कलकणूंत नसून जालिकेच्या पटलांत आहेत, असे दिसले. यीस्टमध्ये ग्रात्स (ऑस्ट्रिया) येथील गुंटर डाउम, फ्रिट्स पाल्टाउफ व त्यांचे सहकारी यांनी १९८६ मध्ये ही एंझाइमे कोणत्या अंगकात आहेत त्याची पद्धतशीर मांडणी केली.

कलकणूंचे परावलंबन : पॅरिस येथे बोरिस एफ्रुसी यांना १९४९ मध्ये आढळले, की ॲक्रिफ्लाविन या रंजकाच्या सान्निध्यात यीस्टच्या पुष्कळ कोशिका श्वसनाची क्षमता कायमची गमावतात व लहान आकाराच्या वसाहती बनवितात. फ्रेंचमधील लहान या अर्थाच्या शब्दावरून त्यांना ‘पेटीट’ म्हणतात. या गुणाचे संक्रमण कोशिकाकेंद्रातील जीनांच्या नेहमीच्या नियमांप्रमाणे होत नव्हते. त्याचा उलगडा कलकणूंत स्वतंत्र डीएनए असल्याचे कळल्यावर झाला. मार्गिट व सिल्व्हन नास यांनी १९६३ मध्ये कोंबडीच्या भ्रूणात, तर गॉटफ्रीट शात्स व त्यांचे सहकारी यांनी १९६४ मध्ये यीस्टमध्ये तो दाखविला.

स्वतंत्र डीएनए असलेले हे अंगक पुष्कळसे स्वावलंबी असेल, अशी त्या वेळी कल्पना होती. ती खरी ठरली नाही. १९९८ मध्ये यीस्टच्या एका प्रयोगशालेय वाणातील कलकणूंच्या डीएनएचा सु. ८५,८०० घटकजोड्यांचा पूर्ण क्रम प्रसिद्ध झाला. त्यात प्रथिनांची प्रमुख जीने केवळ आठ असून लिपिड तयार करणाऱ्या एंझाइमाचे त्यांत एकही नाही. कलकणूंतील शेकडो इतर प्रथिनांची माहिती कोशिकाकेंद्रातील जीनांत असते; ती प्रथिने बाहेर तयार होऊन आत येतात. लिपिडांची स्थिती तशीच आहे. कार्डिओलिपिन आंतर पटलात तयार होते, पण त्यासाठी फॉस्फॅटिडिक अम्ल जालिकेतून यावे लागते. फॉस्फॅटिडिल एथॅनॉलअमाइन हे दुसरे महत्त्वाचे लिपिड आंतर पटलातील एका एंझाइमाने तयार होते, पण त्याचे पूर्वद्रव्य असलेले फॉस्फॅटिडिल सेरीन जालिकेत बनते. तयार झालेल्या फॉस्फॅटिडिल एथॅनॉलअमाइनाचा काही भाग पुन्हा जालिकेत जातो व तेथे त्याचे फॉस्फॅटिडिल कोलिनात रूपांतर होते. म्हणजे एकाच लिपिडाच्या घडणीसाठी दोन अंगकांमध्ये जाणे व येणे असे दोन्ही प्रवास घडतात.

वाहकांचा शोध : के. डब्ल्यू. ए. विर्ट्स व डी. बी. झिल्व्हरस्मिट यांनी १९६८ मध्ये उंदराच्या यकृतापासून मिळविलेले कलकणू व जालिकेचे तुकडे एकत्र ठेवले. एकातील किरणोत्सर्गी फॉस्फोलिपिडे दुसऱ्यात जात असल्याचे व कोशिकाद्रव्यातील विद्राव्य घटकामुळे हा वेग वाढत असल्याचे त्यांनी दाखविले. फॉस्फोलिपिडाचा एक रेणू पोटात घेऊन पाण्यातून जाणारी प्रथिने असतात, असे यावरून कळले. कलकणूंचा प्रश्न सुटला, असे काही काळ वाटले. परंतु परीक्षानळीत जे घडते तेच सजीव कोशिकेत घडते असे नाही. यीस्टमधील अशाच एका वाहक प्रथिनाचे (सेक१४) जीन १९९० मध्ये ओळखले गेले, तेव्हा ते गॉल्जी पिंडाकडून होणाऱ्या स्रवणाच्या नियंत्रणाशी निगडित निघाले. कलकणूंना लिपिडे पुरविणारा मुख्य वाहक ते नव्हते.

दुसरी शक्यता दोन अंगकांच्या प्रत्यक्ष सान्निध्याची होती. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने घेतलेल्या चित्रांत जालिका व कलकणू काही ठिकाणी एकमेकांना अगदी लागून असलेली १९५० नंतरच्या दशकापासून दिसत होती. पण नमुना तयार करताना उद्भवलेला तो दोष असावा, अशी शंका घेतली जाई. कॅनडातील जीन व्हान्स यांनी १९९० मध्ये उंदराच्या यकृतातून कलकणूंना चिकटून येणारा जालिकेचा भाग वेगळा केला व त्यात फॉस्फोलिपिडे तयार करणारी एंझाइमे विपुल असल्याचे दाखविले. ग्रात्सच्या गटाने १९९५ मध्ये यीस्टमध्येही असा भाग असल्याचे सिद्ध केले. लिपिडे दूर वाहून नेली जात नसून दोन पटले जेथे जवळ येतात तेथे ती हस्तांतरित होत असावीत, हे मत यानंतर बळावले. मात्र ही पटले कशाने जोडलेली असतात, ते अज्ञात होते.

एरमेस संकुल : या जोडणीचा शोध २००९ मध्ये बेनोआ कोर्नमान, पीटर वॉल्टर, जोनाथन वाइसमन व त्यांचे सहकारी यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे लावला. त्यांनी योजलेली युक्ती अशी : एक टोक जालिकेत व दुसरे कलकणूच्या बाह्य पटलात रुतेल असे कृत्रिम प्रथिन त्यांनी यीस्टमध्ये घातले. नंतर यीस्टमध्ये उत्परिवर्तने घडवून आणली व हे कृत्रिम प्रथिन असेल तरच नीट वाढणाऱ्या कोशिका शोधून काढल्या. ज्या कोशिकेचा नैसर्गिक दुवा तुटला असेल तिलाच कृत्रिम दुव्याची गरज भासेल, हा त्यामागील तर्क होता. या शोधात एमडीएम१२ या प्रथिनाचे जीन सापडले. ते एमएमएम१, एमडीएम१० व एमडीएम३४ या तीन प्रथिनांसह एक संकुल बनविते. त्याला ‘एरमेस’ असे संक्षिप्त नाव देण्यात आले. एमएमएम१ जालिकेच्या पटलात, एमडीएम१० व एमडीएम३४ कलकणूच्या बाह्य पटलात आणि एमडीएम१२ त्यांच्या दरम्यान असते.

ही प्रथिने नवी नव्हती. ती नसल्यास यीस्टमधील नळ्यांसारखे कलकणू फुगून मोठ्या गोळ्यांसारखे होतात, हे १९९४ पासून माहीत होते. त्यामुळे ती कलकणूंना आकार देणारी प्रथिने मानली जात. एखादे प्रथिन काढून टाकल्यावर जो बिघाड प्रथम दिसतो, तो त्या प्रथिनाच्या मूळ कार्याशी दुरान्वयानेच संबंधित असू शकतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

एरमेसच्या शोधानंतर लगेच मतभेद उद्भवले. एरमेस हा लिपिडांचा मार्ग असेल, तर तो नसलेली कोशिका मरावयास हवी. पण ती हळूहळू का होईना, वाढत होती. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एरमेसच्या अभावी फॉस्फॅटिडिल सेरिनाच्या वहनावर प्रत्यक्ष परिणाम होत नाही, असा निष्कर्ष निघाला. एरमेस हा केवळ दोन पटले बांधून ठेवणारा दुवा आहे काय, असा प्रश्न त्यामुळे विचारला जाऊ लागला.

या विरोधाचे निराकरण २०१४ व २०१५ मध्ये झाले. माया शुल्डिनर व क्रिस्टियान उंगरमान यांच्या गटांनी २०१४ मध्ये स्वतंत्रपणे दाखविले, की यीस्टचे कलकणू रिक्तिकेलाही (यीस्टमधील साठवण व पचन यांच्या अंगकालाही) जोडलेले असतात. एरमेस नसेल, तर ही दुसरी जोडणी विस्तार पावते. दोन्ही नसतील, तर कोशिका जगत नाही. रिक्तिका जालिकेशी पुटिकांच्या मार्गाने जोडलेली असल्याने लिपिडांना वळसा घालून कलकणूंकडे येता येते. २०१५ मध्ये कोर्नमान यांच्या गटाला असे आढळले, की व्हीपीएस१३ या अजस्र प्रथिनातील एकाच ॲमिनो अम्लाच्या बदलाने एरमेसची उणीव भरून निघते. एक वाट बंद केल्यावर दुसरी वाट मोठी होत असल्याने पूर्वीच्या प्रयोगांत वहन चालूच असल्याचे दिसत होते. एक घटक काढून टाकून त्याचे कार्य ओळखण्याची आनुवंशिकीतील प्रचलित रीत अशा ठिकाणी अपुरी पडते.

एरमेस व व्हीपीएस१३ या दोन्हींचे कार्य संरचनेच्या अभ्यासाने स्पष्ट झाले. एरमेसच्या तीन प्रथिनांत लिपिडाची शेपटी सामावून घेणारी तेलकट पोकळी आहे. क्ष-किरण स्फटिकविज्ञानाने २०१६ व २०१७ मध्ये तिचे तपशील मिळाले. २०१८ मध्ये जपानमधील तोशिया एंडो यांच्या गटाने एमएमएम१ व एमडीएम१२ यांचे शुद्ध संकुल कृत्रिम पटलांमध्ये लिपिडांची ने-आण करते, असे दाखविले. व्हीपीएस१३ हे तीन हजारांहून अधिक ॲमिनो अम्लांचे लांबट प्रथिन असून त्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तेलकट पन्हळ असते, हे २०२० मध्ये दिसून आले. या पन्हळीतून लिपिडे पाण्याचा स्पर्श न होता सरकू शकतात. २०२२ मध्ये सजीव यीस्टमध्ये एका अंगकात बसविलेल्या एंझाइमाने लिपिडांवर रासायनिक खूण करून ती दुसऱ्या अंगकात पोहोचल्याचे मोजण्याची पद्धत निघाली व हे दोन्ही मार्ग सजीव कोशिकेत प्रत्यक्ष वापरले जातात, याचा पुरावा मिळाला. २०२३ मध्ये गोठविलेल्या यीस्ट कोशिकांच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकीय चित्रणातून एरमेसचे पूल जागच्या जागी पाहता आले.

कलकणूंच्या आतील वहन : बाह्य पटलात आलेले लिपिड प्रथम त्या पटलाचे दोन थर व नंतर दोन पटलांमधील पोकळी ओलांडते. थर ओलांडण्याचे काम बाह्य पटलात विपुल असलेले पोरिन हे प्रथिन करू शकते, असे २०२३ मध्ये दाखविण्यात आले. हे प्रथिन त्यापूर्वी लहान रेणूंना वाट देणारे छिद्र म्हणूनच परिचित होते. मधली पोकळी ओलांडण्याचे कार्य यूपीएस१ हे लहान प्रथिन एमडीएम३५ या साथीदारासह करते. थोमास लांगर यांच्या गटाने जर्मनीत २०१२ मध्ये दाखविले, की हे युगुल फॉस्फॅटिडिक अम्लाचा रेणू बाह्य पटलाकडून घेऊन आंतर पटलाला देते व तेथे त्यापासून कार्डिओलिपिन बनते. आंतर पटलात कार्डिओलिपिन भरपूर झाले, की यूपीएस१ तेथून सहज सुटत नाही व पुढील फेऱ्या कमी होतात. अशा रीतीने तयार मालाचे प्रमाणच कच्च्या मालाच्या आवकीवर नियंत्रण ठेवते. यूपीएस२ हे सजातीय प्रथिन फॉस्फॅटिडिल सेरीन वाहून नेते, हे २०१६ मध्ये सिद्ध झाले. यीस्ट कार्डिओलिपिनावाचून जगू शकते, पण कार्डिओलिपिन व कलकणूंत बनणारे फॉस्फॅटिडिल एथॅनॉलअमाइन ही दोन्ही एकदम नाहीशी झाली तर जगत नाही. दोन्ही रेणूंचा आकार पटलाला तीव्र बाक देण्यास अनुकूल असतो व ती काही अंशी एकमेकांची जागा घेतात.

मानवी विकारांशी संबंध : पीटर बार्थ या डच वैद्यांनी १९८३ मध्ये एका कुटुंबातील मुलग्यांत आढळलेल्या आनुवंशिक विकाराचे वर्णन केले. त्यात हृदयाचे व इतर स्नायू दुर्बल होतात, काही पांढऱ्या रक्तकोशिका कमी पडतात आणि अनेक मुले बालवयातच दगावत. विकाराचे जीन क्ष गुणसूत्रावर असल्याचे १९९६ मध्ये निश्चित झाले. पण त्याचे कार्य कळले नव्हते. २००० मध्ये रुग्णांच्या कोशिकांत कार्डिओलिपिन कमी असल्याचे आढळले. २००३ च्या सुमारास यीस्टमधील समकक्ष जीन काढून पाहता तेथेही कार्डिओलिपिनाच्या शेपट्यांत तोच दोष आला आणि मानवी जीन त्या यीस्टमध्ये घातल्यावर तो दूर झाला. हृदयावरून ज्याचे नाव पडले त्या लिपिडाचा हृदयरोगाशी असलेला संबंध अशा प्रकारे हृदय नसलेल्या सजीवाच्या साहाय्याने स्पष्ट झाला. व्हीपीएस१३ ची चार सजातीय जीने माणसात आहेत. त्यांतील दोषांमुळे कोरिया-ॲकँथोसायटोसिस हा चेताविकार, अल्पवयात उद्भवणारा कंपवाताचा एक प्रकार इ. विकार होतात. एरमेस मात्र मानवी कोशिकांत नाही. तेथे जालिका व कलकणू यांना जोडणारी प्रथिने वेगळी आहेत.

कलकणूंकडून जालिकेकडे परत जाणाऱ्या लिपिडांचे वाहक कोणते, पुलावरून सरकणाऱ्या लिपिडांना दिशा कशाने मिळते आणि कोशिकेच्या गरजेप्रमाणे एक वाट सोडून दुसरी कशी निवडली जाते, यांविषयी संशोधन चालू आहे. अशा संशोधनासाठी यीस्टचे निरनिराळे वाण जिवंत स्वरूपात जपून ठेवावे लागतात. भारतात पुणे येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील (स्थापना १९५०) औद्योगिक सूक्ष्मजीवांच्या राष्ट्रीय संग्रहात यीस्टांचे वाण जतन केले जातात.